फळीला थांबणारी ट्रॉली

मी, गादी कारखान्यातील देखभाल विभागाची इंजिनिअर, वय ३६ वर्षे, राहणार कारखान्यामागील वसाहत, धाकट्या बहिणीसह. समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, आमच्याकडे फोम वाहून नेणाऱ्या, बिनचालकाच्या चार ट्रॉल्या आहेत. त्यांपैकी एकीने आज सकाळी आमच्या फिटरला भिंतीशी दाबले. बाकीच्या तीन अजून चालू आहेत. त्या आधी बंद करा, कागद मागाहून लिहा, असे मी म्हटले. सगळे क्रमाने सांगा, असे हवालदारसाहेब म्हणाले. बरं, क्रमाने सांगते.

प्रत्येक ट्रॉलीच्या तोंडाशी सेन्सर असतो. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज पुढे फेकतो. आवाज कशावर तरी आपटून परत आला की ट्रॉली थांबते. परत आला नाही तर समोर कोणी नाही असे धरून पुढे जाते. जुने सेन्सर कुरकुरायला लागले होते. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर असताना खरेदीवाल्या काकांनी नवे आणले. जुन्यावर आवाजाचा दाब ११२ डेसिबल लिहिला होता, नव्यावर ११७. काका खूश. मला फोनवर म्हणाले, "पोरी, तुझ्या ट्रॉल्यांना आता चांगला गळा फुटला बघ." मी आईच्या डोळ्यात थेंब घालत होते, नुसतं बरं म्हटलं.

मग ११७ जास्तच ना, असे हवालदारसाहेबांनी विचारले. नाही ना साहेब! आकडा कुठून मोजला तेही बघावं लागतं. जुना एक मीटरवरून मोजलेला, नवा फूटभरावरून. एकाने कानाशी येऊन हाक मारली आणि दुसऱ्याने रस्त्यापलीकडून, तर मोठा गळा कुणाचा हे नुसतं ऐकून कसं ठरवणार? नवा सेन्सर एक मीटरवरून मोजला तर एकशे सहाच्या आसपास भरतो. डेसिबलमध्ये पाच-सहा कमी म्हणजे दाब जवळजवळ निम्म्यावर आला. काकांचा हेतू वाईट नव्हता, हेही लिहा.

फिटरला सगळे भोंगा म्हणतात. तो त्या टोकाला हसला तरी या टोकाला कळतं. सेन्सर त्यानेच बसवले आणि रिवाजाप्रमाणे तपासले. आमच्याकडे रोज सकाळी ट्रॉलीसमोर लाकडी फळी धरतात, थांबली की काम सुरू. फळी टणक, ती क्षीण आवाजसुद्धा परत फेकते. फोम आवाज गिळून टाकतो. आणि आमची माणसं तर फोमचा भलामोठा तक्ता छातीशी धरून चालतात, समोरून फक्त पाय दिसतात. गादीच्या कारखान्यात फळीने तपासणी! जुन्या सेन्सरच्या जोरावर ते खपून जात होतं.

आज कामावर आल्यावर मी नव्या सेन्सरचा खोका मागवला. त्यावरचं वाचलं आणि ट्रॉल्या थांबवायला धावले. भोंगा तक्ता घेऊन वळणावरून येत होता. मी ओरडले. त्याला वाटलं चेष्टा करते. त्याने तक्त्यामागून माझ्या दुप्पट मोठ्याने "ओ" दिली. ट्रॉली थांबली नाही. त्याचे दोन्ही पाय मोडले आहेत.

मॅनेजर म्हणतात, भोंगाच बेसावध होता. त्यांनी सगळ्यांदेखत दुसऱ्या ट्रॉलीसमोर फळी धरली. ट्रॉली थांबली. "झालं समाधान?" म्हणाले, आणि दुपारची पाळी लावली. मी म्हटलं, फळी ठेवा, फोम धरा, आणि तुम्ही स्वतः धरा. मला बाहेर काढण्यात आले.

माझी धाकटी बहीण दुपारच्या पाळीत फोम उचलते. अंगाने एवढीशी आहे, तक्त्यामागे अख्खी लपते. फाटकाशी भेटली तेव्हा मी तिचा हात धरून ठेवला. "ताई, सोड गं, खाडा लागेल," म्हणाली आणि आत गेली. मला तिला ओढत आणायला हवं होतं.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. तुम्ही वाचत होतात तोवर मी तिला फोन लावत होते. घंटा वाजते, ती उचलत नाही. कामावर फोन कपाटात ठेवायला लावतात, म्हणून असेल. म्हणूनच असेल. सही कुठे करायची ते दाखवा आणि गाडी काढा.