मिरवणूक आमच्या दारी

(शिंप्याचं दुकान, मागे घर. बाहेर फटाके.)

कार्यकर्ता : ...आणि काकू, तुम्ही दोघं दारातच उभे राहा. साहेब गाडीतून उतरतील, फुलं देतील, फोटो होईल. बस्स.

शिंपी : कुठले साहेब?

कार्यकर्ता : काका, थट्टा करू नका. आपले आमदार.

शिंपी : तो ठेकेदार?

कार्यकर्ता : आता साहेब म्हणायचं. उद्या मंत्रिपदाची शपथ आहे. मिरवणूक इथूनच काढायची, हे त्यांनीच सुचवलं. पक्षासाठी ज्या पोराने जीव दिला, त्याच्या घरापासून.

बायको : माझ्या पोराने जीव दिला नाही रे, त्याचा घेतला! ह्याच ठेकेदाराच्या माणसांनी, भर चौकात. तू होतास ना तिथे?

कार्यकर्ता : होतो, काकू. पण तेव्हा ते त्या पक्षात होते.

बायको : मग? झेंडा बदलला की हाताला लागलेलं रक्तही जातं होय रे?

कार्यकर्ता : मला कोण विचारतं, काकू? इतकी वर्षं सतरंज्या मी उचलल्या आणि तिकीट त्यांना. मीही गिळलंच ना? येतो मी. शटर तेवढं उघडं ठेवा.

शिंपी : गेला?

बायको : गेला. आपल्या पोराबरोबर ह्याच चिंध्यांच्या ढिगात लोळत वाढला मेला. मान वर करून बोलवेना त्याला.

शिंपी : त्याच्यावर कशाला चिडतेस? प्रचाराचे झेंडे तर मीच शिवले.

बायको : मी म्हणत होते, नका शिवू.

शिंपी : मला वाटलं, आपल्या इथली एक जागा गेली चुलीत. सरकार तर बदलेल! आपलं सरकार आलं की पोराची केस पुन्हा उघडेल. वकीलही दरवेळी तेच सांगायचे, सरकार बदलू दे.

बायको : बदललं की.

शिंपी : टीव्हीवर काय म्हणाले? कुठलं खातं मिळतंय त्याला?

बायको : गृह.

शिंपी : नीट ऐकलंस?

बायको : पोलीस त्याच्याच हाताखाली. नीट ऐकलं.

शिंपी : संपलं मग. कुंपणानेच शेत खाल्लं, आता दाद मागायची कुणाकडे?... बघू, पुढच्या निवडणुकीला—

बायको : पुढच्या? तोवर सुईत दोरा तरी ओवता येणार आहे का तुम्हाला?

शिंपी : खरं सांगू? मत देताना मी नाव वाचलंच नाही. नुसतं चिन्ह बघितलं आणि डोळे मिटून बटण दाबलं. मनातल्या मनात पोराची माफी मागितली.

बायको : मी वाचलं.

शिंपी : मग?

बायको : वाचून दाबलं. मला काय केस उघडायला नको होती?

शिंपी : अगं, रडू नकोस.

बायको : कुठे रडतेय? बोटं मोडायची तरी कुणाच्या नावाने, तेच कळत नाही.

शिंपी : कोपऱ्यावर आले वाटतं. शटर ओढून घेऊ?

बायको : आणि केससाठी उद्या कुणाच्या दारात जाणार आपण?

शिंपी : त्याच्याच.

बायको : मग राहू दे उघडं. पोराचा फोटो तेवढा भिंतीवरून काढून आत न्या. त्याला नको हे बघायला.