सगळ्याच समाधानी

व्यवस्थापनशास्त्राचं भवितव्य त्या दुपारी अचलपूरच्या बसस्टँडवर ठरणार होतं; फक्त अमरावतीची गाडी यायची होती. बाकावर पेंगणाऱ्या नत्थुजींच्या झोपेत मागच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं झिरपत होतं.

"पंचफुलाबाई, कापसाच्या जिनिंगमधल्या सगळ्या बायांनी 'पूर्ण समाधानी' भरलं. सर म्हणतात, असला सर्व्हे खोटा. पीएचडी अडली ना माझी!"

"तू उनातानात आलती, नीलम. तुले नाही कसं म्हनाव? आमी ठरवूनच हो म्हनलं."

"मले खरं पायजे होतं!"

"मंग तसं सांगाचं ना! खरं म्हंजे, मशीन थांबली का मले वाटते, मी कापसावर तरंगून राहिली. तेवढंच समाधान. बसते तुह्या कागदात?"

"पुन्हा भरून द्याल? खरं खरं?"

"देतो ना. पन गाडी आली. पयले खिडकीतून सीटवर रुमाल टाक."