वैद्यकाकांच्या काढ्यातला उंचवटा

माननीय अध्यक्ष, आपल्या सरपंच संचिताताई, पुण्याला मुलाकडे निघालेले सत्कारमूर्ती गुरुदास वैद्यकाका, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी विमलाकाकू, व्यासपीठावरील मान्यवर आणि कंबरदुखी विसरून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या ग्रामस्थहो,

मी परशुराम, शिक्षण नववी. देवळाचा ध्वनिवर्धक, नळपाण्याच्या पंपाचा स्टार्टर, शाळेची विजेची घंटा आणि ॲल्युमिनियमच्या डब्यातलं औषधशोधक यंत्र, हे सगळं मी स्वतःच्या हातांनी बनवलं. समोरचा माईक भाड्याचा आहे. त्याची खरखर माझ्या नावावर नको.

यंत्राबद्दल थोडं. पेन्सिलीतलं शिसं, त्यावर कार्बनच्या नॅनोनळ्यांचा लेप. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा या नळ्या गोव्याच्या एका प्राध्यापकांनी चिमूटभर दिल्या. त्यांचं एक उपकरण मी दुरुस्त केलं होतं. टोक लघवीत बुडवायचं, विजेचा दाब हळूहळू वाढवायचा. औषध असेल तर आलेखाच्या रेषेला ठरल्या जागी उंचवटा येतो.

वैद्यकाकांचा काढा आपण चोवीस वर्षं पितो. यंदा, म्हणजे २००९ साली, पुण्याची एक कंपनी त्याची कृती विकत घ्यायला निघाली, तेव्हा काकाच म्हणाले, "परश्या, ह्येच्यात इंग्रजी औषधाचो कण नाय, असा लिवन दी."

मी काढा पिणाऱ्या अकरा रुग्णांच्या लघवीच्या अकरा बाटल्या घेतल्या. अकराही रेषांना पॅरासिटामॉलचा उंचवटा.

काका म्हणाले, "तो आवळो आसतलो."

आवळ्याचा उंचवटा त्याच्या अलीकडे दिसतो, काका. दोघं वेगळे दिसावेत म्हणूनच तर नॅनोनळ्या लावतात.

"मगे तुझो डबोच बिघडलो."

हे मला लागलं. मी मोजत राहिलो. आंगणेवाडीच्या जत्रेला काकू तीन दिवस माहेरी मसुऱ्याला गेल्या, काढा काकांनी एकट्यांनी केला, आणि रेषा सपाट. आठवा मंडळी, त्या तीन दिवसांत आपल्यातले किती जण वाकून चालत होते?

काकू परतल्या तसा मी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. पाट्यावर पांढरी पूड.

"नुसत्या पाल्यान कंबर बरी होता काय रे?" काकू म्हणाल्या. "चोवीस वर्सां मापाक अर्धी गोळी वाटतंय. ह्यांका सांगू नको."

वैद्यकाका, बसा. शाल घसरते आहे.

मी गप्प राहिलो. पण काल काकूंनीच बोलावलं. "आता सांग बाबा. कंपनीच्या काढ्यान कोणाक बरा वाटाचा नाय, आणि लोक शिव्या ह्यांका घालतले. थंय कंपनीत माका पाटो कोण देतलो?"

काकांनी चोवीस वर्षं नाडी पाहिली, घरची विचारपूस केली. त्याचाही गुण असेल. माझ्या यंत्रात तो दिसत नाही. पण अध्यक्षांना विनंती, दुसरी शाल काकूंच्या खांद्यावर घालावी आणि मानपत्रात 'मापाला अर्धी गोळी' हे शब्द यावेत.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मोजण्यात झालेलं नाही. एवढंच राहिलं, की 'काढा शुद्ध' या दोन शब्दांखाली सही करण्यासाठी कंपनीने पाठवलेलं पाकीट मी परत केलं. रक्कम पंचवीस हजार एक. तो एक रुपया पाकिटावर चिकटवलेला होता. तोही तसाच परत गेला.