दोन बोटं लांब बोल्ट

वहिनी: क्लच अर्धाच दाबून ठेवायचा नसतो, एवढं कळलंय मला आता.

धाकटा: ताडपत्रीखाली पाल निघाली. वाळून कागद झालेली.

थोरला: डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला अकरा महिने लागले. काढायला चार दिवस.

वहिनी: तुमचा हात गेला त्याच महिन्यात विणायच्या सुया मी भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

धाकटा: पेरणीजोगा वाफसा परवापर्यंत टिकेल. फार तर.

थोरला: पुरे झाल्या गप्पा. शाफ्टच्या गंजात डिझेल मुरलं असेल. मार आता.

धाकटा: नाही हलत, दादा. मी म्हटलं होतं मिस्त्रीला बोलवू. गॅसवर तापवला की दोन मिनिटांत शाफ्ट बाहेर.

थोरला: मिस्त्री यायचा चार दिवसांनी. तोवर जमिनीचा दगड होईल. मार तूच. मधल्या क्रॉसच्या सांध्यावर नको, तो फुटेल. गिअरबॉक्सकडच्या तोंडावर मार, लाकूड ठेवून. एक फटका, अर्धा फेरा, मग दुसरा फटका.

धाकटा: माहीत आहे मला.

थोरला: माहीत आहे तर लाकूड कुठंय?

धाकटा: हा अख्खा रोटाव्हेटरच भंगारात घाला, मी सांगतो. ट्रॅक्टरला जोडायच्या एका गंजलेल्या दांड्यासाठी सकाळपासून तिघं लागलोय.

वहिनी: भंगारात घाला, ताडपत्री टाका, शेडमागे ढकला. तीन वर्षं हेच ऐकतेय. नवा शाफ्ट आणून ठेवलाय मी, कव्हर असलेला. जुना निघाल्याशिवाय तो बसवू कुठे, माझ्या डोक्यावर?

धाकटा: तुमचं रान मी करून देतो म्हटलं ना, वहिनी. तुम्ही कशाला ट्रॅक्टरवर बसायचं?

वहिनी: करून देता, पण आधी तुमचं रान, मग तुमच्या मेव्हण्याचं, मग आमचं. मागच्या दोन्ही वर्षी आमची पेरणी वरातीमागून घोडं झाली. यंदा मी बसणार आहे ट्रॅक्टरवर. उद्याच.

थोरला: भांडण शाफ्ट निघाल्यावर करा. पाणी उकळलं का?

वहिनी: हे काय, पातेलं हातातच आहे.

थोरला: बाहेरच्या तोंडावर ओत, आतल्या दांड्यावर थेंब पडू देऊ नकोस. बाहेरचं लोखंड फुगलं पाहिजे, आतलं तसंच राहिलं पाहिजे. हां. मार आता.

धाकटा: हलला. केसभर हलला.

थोरला: हलला आणि अडला. म्हणजे हा नुसता गंज नाही.

धाकटा: गंजच आहे. तीन वर्षांचा गंज.

थोरला: गंज कुरकुरत सोडतो. हा ठक्कन अडला. काहीतरी आडवं आहे. लॉकची पिन बघ.

धाकटा: पिन गेली असेल आत.

थोरला: असेल म्हणू नकोस, चिखल खरवड आणि बघ. तिथे नाही. वर. अजून थोडं तुझ्या अंगाला.

धाकटा: तिथे खुर्चीत बसून तुला दिसतंय तरी काय?

थोरला: मला कामच काय दुसरं? खरवड.

वहिनी: थांबा. हे काय गुंडाळलंय याला?

धाकटा: सुतळी. रानातला काडीकचरा.

वहिनी: सरका, भाऊजी.

धाकटा: हात काळे होतील, वहिनी.

वहिनी: तोंड काळं करून झालंय माझं. हातांचं काय घेऊन बसलात.

थोरला: काय आहे?

वहिनी: सुतळी नाही, कापड आहे. वरून ग्रीसनं काळं झालंय, आतून निळं. चौकड्या दिसतायत. अहो, ही तुमची बाही आहे. हे बटण मीच लावलं होतं. निळा दोरा संपला म्हणून पांढरा वापरला, तर तुम्ही हसला होतात.

थोरला: असेल.

वहिनी: मग लोकर कुठे आहे?

धाकटा: कसली लोकर?

वहिनी: मी विणलेल्या मफलरची, भाऊजी. लाल, जाड. दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, मफलर गुंडाळला गेला आणि दादा ओढला गेला. मग इथे त्याचा एक धागा तरी पाहिजे.

धाकटा: मी तेव्हा ट्रॅक्टर बंद करत होतो की धागे मोजत होतो? दवाखान्यात कापून फेकला असेल.

वहिनी: गळ्यातला फेकला असेल. इथला कोण सोडवून नेणार?

थोरला: तू बाजूला हो जरा. आणि भाऊ, तू ते कापड काढ. खाली काय आहे?

धाकटा: बोल्ट आहे.

थोरला: केवढा?

धाकटा: बोल्ट आहे, दादा.

थोरला: केवढा, ते विचारलं.

धाकटा: दोन बोटं बाहेर आहे.

थोरला: पिनच्या जागी बोल्ट कुणी घातला?

धाकटा: पिन आदल्या संध्याकाळी तुटली. तू घरी गेला होतास. तुला सकाळी उठल्याउठल्या रानात जायचं होतं. शेडमध्ये त्या मापाचा एकच बोल्ट होता, लांब. नट आवळला आणि म्हटलं, बाहेरचं टोक सकाळी कापतो.

थोरला: मग?

धाकटा: मग डोळाच उघडला नाही माझा. उशिरा जाग आली ती रानातल्या ट्रॅक्टरच्या आवाजाने. तसाच पळत सुटलो. बांधावर पोचलो तेव्हा तू खाली उतरून शाफ्टकडे वाकला होतास. मी हाका मारल्या. त्या आवाजात कुठल्या ऐकू जायला.

वहिनी: आणि जिन्यात?

धाकटा: जिन्यात आई उभी होती. तिनं विचारलं, कशानं झालं रे? मी तोंड उघडलं आणि तोंडातून मफलर निघाला. थंडीचे दिवस होते. निघताना तुम्ही त्याच्या गळ्यात बांधलेला सगळ्यांनी पाहिला होता. खरं सांगायला काही विचार करावा लागला असता. हे आयतंच होतं.

वहिनी: सासूबाई शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत.

धाकटा: मला वाटलं, दोन दिवस जाऊ देत, सांगू.

वहिनी: म्हणायच्या, चार दोऱ्यांच्या हौसेपायी हिनं माझ्या लेकाचा हात नेला. आल्यागेल्याला सांगायच्या. मला तेही खरं वाटायला लागलं होतं. रात्ररात्र मी तीच गाठ आठवत बसायची, सैल बांधली का, टोकं आत खोचली का नाही. गेल्या त्या दिवशीसुद्धा त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. आणि तुम्ही पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होतात.

धाकटा: म्हणून तर मी ताडपत्री टाकली यावर. बघवत नव्हतं.

वहिनी: ताडपत्रीनं कुणाचं झाकलंत, भाऊजी?

धाकटा: दादा, तू तरी काही बोल. शिव्या दे. चार थोबाडीत मार.

थोरला: आरी घे. पान सैल आहे तिचं, आधी आवळ. नटाच्या आतल्या बाजूनं काप, नटासकट टोक पडू दे.

(आरीचा आवाज.)

धाकटा: तुटला.

वहिनी: एवढाच वेळ लागतो?

धाकटा: हो.

वहिनी: पातेलं अजून गरम आहे.

थोरला: उरलेला तुकडा सुंभ्याची दांडी टेकवून मागे ठोक. हां, असाच. आता फटका मार. अर्धा फेरा. अजून एक. ओढ.

धाकटा: आला. निघाला, दादा.

थोरला: ठेव तिकडे. दांड्याचे दाते पुसून घे, ग्रीस लाव आणि नवा चढव. पिन बसल्याचा आवाज आला?

धाकटा: आला.

थोरला: कव्हरची साखळी अडकव. नाही अडकवली तर कव्हरही शाफ्टबरोबर फिरतं, मग असून नसल्यासारखं.

वहिनी: साखळी मी अडकवते. तुम्ही आता कशाला हात लावू नका, भाऊजी.

धाकटा: वहिनी, मी सांगतो सगळ्यांना. आपल्या घरात, तुमच्या माहेरी, सगळीकडे. उद्या सकाळीच जाऊन...

वहिनी: उद्या सकाळी.

धाकटा: आज. आत्ता जातो.

वहिनी: ज्यांना सांगायचं होतं त्या गेल्या. बाकीच्यांना सांगून माझं काय व्हायचंय?

थोरला: तू घरी जा. हातोडी इथेच राहू दे.

धाकटा: उद्या येऊ का? पहिल्यांदा चालवताना कुणी मागे असलेलं बरं.

वहिनी: नको.

धाकटा: बरं. येतो, दादा.

थोरला: फाटक लावून घे जाताना.

वहिनी: अहो, गेले ते. एक विचारू?

थोरला: साखळी लागली का नीट?

वहिनी: लागली. तुम्ही मघाशी त्यांना म्हणालात, वर खरवड, अजून तुझ्या अंगाला. बरोबर तिथेच बोल्ट निघाला. तुम्हाला तर त्या दिवसाचं काही आठवत नाही.

थोरला: आठवणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

वहिनी: डॉक्टरांचं नाही विचारत मी.

थोरला: फिरत असताना तो दिसत नाही. थांबल्यावर दिसतो. भाऊनं ट्रॅक्टर बंद केला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होता.

वहिनी: तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं.

थोरला: वाटायचं, त्यानं आपणहून सांगावं. आज सांगेल, उद्या सांगेल. मी सांगितलं असतं तर आईच्या मनातून तो कायमचा उतरला असता. एका लेकाचा हात गेलाच होता. दुसरा लेक कशाला घालवायचा तिचा, म्हटलं.

वहिनी: म्हणून मला घालवलंत.

थोरला: तसं नव्हतं मनात.

वहिनी: मी रात्री उठून बसायची, तेव्हा तुम्ही जागे असायचात. मला म्हणायचात, झोप, झालं ते झालं.

थोरला: हो.

वहिनी: पण मफलर तर गळ्यात होता ना? थोडातरी अडकला असेल. एवढं तरी खरं असेल ना त्यात?

थोरला: मफलर मी उतरतानाच स्टिअरिंगला बांधून ठेवला होता. ऊन चढलं होतं.