नखानं खुडलेली फांदी

बाबा : खरं सांग, तुझ्या पर्समधून पाणी का गळतंय?

आई : बाटली सांडली असेल.

लेक : बाटली माझ्याकडे आहे, आई.

आई : अगं, तो महाल बघ की! केवढ्या त्या खिडक्या. पुसत कोण असेल?

बाबा : विषय बदलू नकोस. मघाशी कारंज्यापाशी रुमाल भिजवत होतीस. तोंडावर पाणीही मारलंस. मला वाटलं, ऊन लागलं.

लेक : आई! तू फांदी खुडलीस? राजवाड्याच्या बागेतून?

आई : हळू बोल. बोटभर तर आहे.

बाबा : हिचं कायम हेच. माझ्या साहेबांकडे जेवायला गेलो, तर निघताना त्यांची जाई हिच्या रुमालात!

आई : आणि आता रोज सकाळी त्याच जाईपाशी चहा पीत बसतं कोण?

लेक : अगं, इथे पाटी आहे, झाडांना हात लावू नका म्हणून.

आई : मला कुठे वाचता येते त्यांची भाषा?

लेक : चित्र काढलंय. हात आणि त्यावर फुली.

आई : मग मी कुठे हात लावला? नखानं खुडली.

बाबा : झालं! तो पहारेकरी इकडेच येतोय. मी तुम्हाला ओळखत नाही.

आई : एवढा संसार झाला, आणि आता ओळखत नाहीत म्हणे.

लेक : दोघंही गप्प बसा. मी बोलते त्याच्याशी.

(ती पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलून येते.)

लेक : बाबा, उठा. या हिरवळीवर बसायचं नसतं म्हणे.

बाबा : म्हणजे मी गुन्हेगार?

आई : बघा! मला काही बोलला का तो?

लेक : पण आई, ही फांदी विमानातून नेऊ देणार नाहीत तुला.

आई : नेतंय कोण? तुझ्या खिडकीत लावायचीय. एवढी उन्हाची खिडकी आणि एक कुंडी नाही! लहानपणी दात घासायच्या मगात कोथिंबीर पेरायचीस तू.

बाबा : कुंडी कशाला घेईल ती? पुढच्या वर्षी परतच यायचंय तिला. तुझ्या खोलीला पोपटी रंग दिलाय, माऊ. सांगणार नव्हतो, पण राहवलं नाही.

लेक : बाबा... तुम्ही आल्या दिवसापासून सांगीन म्हणतेय.

बाबा : लग्नबिग्न जमवलंस की काय?

लेक : नाही हो. मी परत येणार नाहीये, बाबा. इथेच राहायचं ठरवलंय. काम आवडतं, माणसं चांगली आहेत. तुमच्यापुढे जीभच रेटत नव्हती.

आई : अहो, काहीतरी बोला.

बाबा : पोपटीच आवडतो ना गं तुला अजून?

लेक : हो, बाबा.

बाबा : मग राहू दे. सुट्टीला येशील तेव्हा झोपशील त्या खोलीत. आणि तू गं? तुला हे ठाऊक होतं?

आई : कपाट बघितलंत ना तिचं? भिंतीत पक्कं ठोकून घेतलंय. वर्षभरासाठी कुणी भिंती फोडतं का? म्हटलं, पोरीचं ठरलंय, सांगवत नाहीये.

लेक : तुला वाईट नाही वाटलं?

आई : वाटलं ना. खूप वाटलं. उगीच का कारंज्यावर तोंड धुतलं?

लेक : आई गं...

बाबा : चला, निघा आता. वाटेत कुंडी घ्यायचीय.

लेक : एवढ्याशा फांदीला छोटी पुरेल ना?

बाबा : मोठी घे.