साडेआठची श्रद्धांजली

—नाही नाही, तो कागद असू द्या मास्तर, तक्रार अर्जच ना, मागाहून निवांत वाचतो — हा बघा, पेपरवेटखाली ठेवला, आता कुठं उडून जात नाही — आधी बसा. आणि दार तेवढं हळू लोटा, पलीकडेच स्टुडिओ आहे, आवाज आत जातो. मफलर काढा की, इथं कुठं थंडी वाजतेय? रागावलात? रागावणारच. सकाळी साडेआठला माणूस चहा पीत बसलाय आणि रेडिओ सांगतोय की तो गेला — मी असतो तर कपबशी फोडली असती. तुम्ही मात्र शांत. कलावंताचं मन मोठं असतं, हे मी त्या कार्यक्रमातही म्हटलंय, ऐकलंत ना?

आता झालं काय ते सांगतो. आजच्या पाहुण्या आल्याच नाहीत — कचऱ्यापासून खत कसं करायचं ते सांगणार होत्या — अर्धा तास मोकळा पडला. ड्यूटी ऑफिसर नवा. त्यानं माझं कपाट उघडलं, 'तयार' असं लिहिलेली पहिली सीडी उचलली आणि लावून मोकळा झाला. तुम्ही म्हणाल, जिवंत माणसाची श्रद्धांजली कपाटात कशी? असते हो, पंच्याहत्तरी उलटली की आम्ही कामाला लागतो. माणूस गेल्यावर धावपळ होते, मग घाईत कुणाचा तरी उल्लेख राहतो, घरचे रुसतात. तुमचा नंबर खरं तर सातवा होता, पण मध्यंतरी तुम्ही दवाखान्यात आहात असं कानावर आलं, म्हणून वर घेतला. भेटायला यायचंच होतं, अगदी चपला घातल्या होत्या — पण म्हटलं, आधी कार्यक्रम उरकून घेऊ, भेटणं काय, कधीही होतं.

पण झाला कसा ते सांगा ना. त्रेपन्न फोन आले. एक बाई तर रडत होत्या, यांचं गाणं अकरा वर्षांत का नाही लावलंत म्हणाल्या. मी काय बोलणार? तुमची पत्रं यायची, नाही असं नाही, दर वर्षी एक, मोत्यासारखं अक्षर — मी उत्तरही द्यायचो, 'योग्य वेळी विचार केला जाईल'. केला की नाही? सबंध अर्धा तास दिला, मध्ये बातम्यासुद्धा नाहीत.

गाण्याचं म्हणताय? — म्हणजे म्हणत नाही आहात, पण बघताय तसे. बरं, तुमच्यापासून काय लपवायचं, गाणं तुमचं नव्हतं. त्रेपन्न जणांना पत्ता लागला नाही, उलट काय आवाज होता म्हणाले, पण तुम्हाला कळणारच. तुमची टेप होती एकच. अकरा वर्षांपूर्वी कोऱ्या टेपा मिळेनात, आणि इकडं परिसंवाद, दोन दिवसांचा, बाहेरून मोठमोठे लोक आलेले, तो काही सोडता येत नव्हता. मी म्हटलं, जुनी एखादी पुसून घ्या. पुसली. विषय? विषय होता — 'आपल्या भागातल्या गायकीचं जतन'. अध्यक्ष मीच होतो. भाषणात तुमचं नाव घेतलं होतं मी, आहे त्याच टेपवर, हवं तर ऐकवतो.

हसताय? हसा, हसा, तुमचा हक्कच आहे. पण हे असं नुसते खांदे हलवून काय हसता, मोकळं हसा की. आणि यावर तोड अगदी सोपी आहे. स्टुडिओ रिकामा आहे, पेटीवाला खाली कँटीनमध्ये बसलाय, त्याला बोलावतो. तुम्ही नुसतं समोर बसून म्हणा, अर्ध्या तासात तुमचं गाणं कायमचं कपाटात. या वेळी पुसणार नाही, माझा शब्द. चला. मान काय हलवताय? कागद? अहो, तक्रार नंतर — बरं, बरं, वाचतो.

'आठ महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला नाही. सकाळचं गाणं माझं नव्हतं, चूक कुणाकडूनही होते. माझ्या गाण्याची एक प्रत मिळावी. नात सहा महिन्यांची आहे. तिनं माझा आवाज ऐकलेला नाही.'

…अक्षर तसंच आहे.

मास्तर, मी — तो परिसंवाद — मला खरंच — लाज वाटते हो मला. थांबा, लगेच उठू नका. कागद परत कशाला घेता? बरं, घ्या. दुपारच्या बातम्यांत देतो आम्ही, मास्तर हयात आहेत म्हणून. एक ओळ. सगळ्यात शेवटी, हवामानाच्या आधी. नको? बरं.

आणि दार हळू कशाला लावताय? आपटा चांगलं. आत कुणी गात नाहीये.