यादीतलं पहिलं गाणं

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांना शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण दुखत होती ती दाढ, कान ठणठणीत होते.

“दहा वर्षांतली माझी दहा लाडकी गाणी म्हणे! घरच्या ग्रुपवर पाठवलीस पण.”

“मग? आपल्या लग्नातलं आहे की त्यात.”

“चौथं. आणि हे पहिलं कुठलं? घरी तर कधी लावलं नाहीस.”

“गाडीत ऐकतो.”

“म्हणजे त्या तुमच्या कॅशियर बाईंबरोबर.”

“अगं, वाटेत सोडतो फक्त. दोन मिनिटांचा रस्ता.”

“मग गाण्याच्या मधेच उतरते बिचारी?”

“छे, पूर्ण ऐकूनच उतरते. शेवटचं कडवं आलं की…”

“आलं की काय?”

“काही नाही. भारी आहे.”

मास्तरांनी गालावरचा हात काढला.

“सव्वापाच मिनिटांचं आहे. बघितलं मी,” बायको म्हणाली.

“काय?”

“गाणं.”

आतून नर्सने हाक मारली.

“चल, आपला नंबर आला.”

“बस खाली. लाव ते गाणं. पहिली दोन मिनिटं राहू देत, पुढची मला ऐकायचीत.”